चहा-कॉफीचे कूळ शोधणारा रसायनशास्त्रज्ञ

दिवसाचा आरंभ चहाने करावा आणि पाहुण्याचे स्वागतही चहानेच करावे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. कचेरीतली कॉफी, कट्ट्यावरचे कटिंग आणि अलीकडे तरुणांच्या हाती दिसणारे उत्तेजक पेयांचे डबे, अशी या पेयांची व्याप्ती वाढतच गेली आहे. तिच्याबरोबर एक भीतीही वाढली आहे. कुणाला मुतखडा झाला, कुणाच्या रक्तात युरिक आम्ल वाढले, कुणाच्या मूत्रपिंडांनी कुरकूर सुरू केली, की घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला सल्ला असतो तो चहा-कॉफी बंद करण्याचा. या सल्ल्यात तथ्य किती आणि समजूत किती, हे पाहायचे तर सव्वाशे वर्षांहूनही मागे, जर्मनीतील प्रयोगशाळांत जावे लागते. कॉफीच्या बियांतले कॅफिन आणि मुतखड्यातले युरिक आम्ल ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत, हे तेथे एका माणसाने सिद्ध केले. त्या माणसाचे नाव एमिल फिशर.

हेर्मान एमिल फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी ऱ्हाइन प्रांतातील ऑयस्कीर्खेन या गावी झाला. कोलोन आणि बॉन या शहरांपासून जवळच असलेले हे गाव त्या काळी प्रशियाच्या राज्यात मोडत असे. वडील लॉरेन्झ फिशर हे यशस्वी व्यापारी. घरात मुली अनेक आणि मुलगा हा एकुलता एक, त्यामुळे घरचा लाकडाचा व्यापार त्यानेच पुढे चालवावा, अशी वडिलांची स्वाभाविक इच्छा होती. एमिल मात्र लहानपणापासून पुस्तकांत रमणारा. १८६९ मध्ये शालान्त परीक्षा त्याने उत्तम रीतीने उत्तीर्ण केली आणि वडिलांच्या आग्रहाखातर काही काळ व्यापारात उमेदवारीही करून पाहिली. तो प्रयोग साफ फसला. हा मुलगा व्यापाराच्या कामाचा नाही, तेव्हा त्याने शिकलेलेच बरे, असा काहीसा निरुपायाचा निष्कर्ष वडिलांनी काढला आणि १८७१ मध्ये त्याला बॉन विद्यापीठात धाडले. पुढे फिशर यांनी आत्मचरित्रात हा प्रसंग मिस्कीलपणे नोंदवून ठेवला आहे.

बॉनमध्ये आउगुस्ट केकुले यांच्यासारख्या दिग्गजाची व्याख्याने ऐकूनही तरुण फिशर यांचे मन रसायनशास्त्रात रमेना. त्यांचा ओढा भौतिकशास्त्राकडे होता. १८७२ मध्ये चुलतभाऊ ओटो फिशर याच्या आग्रहावरून ते स्ट्रासबुर्गच्या नव्या विद्यापीठात गेले. तेथे त्यांना आडॉल्फ फॉन बेयर हे गुरू लाभले आणि आयुष्याची दिशा ठरली. रंगद्रव्यांवरील प्रबंधासाठी १८७४ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. दुसऱ्याच वर्षी, वयाची तेविशी पुरी होण्याच्या सुमारास, फिनाइल हायड्राझिन नावाचे एक नवे संयुग त्यांच्या हाती आले. या संयुगाने पुढे त्यांना कीर्ती दिली आणि प्रकृतीही हिरावून घेतली. बेयर म्युनिकला गेले, तेव्हा फिशरही त्यांच्यामागून तेथे गेले आणि १८७९ मध्ये त्याच विद्यापीठात प्राध्यापकपदापर्यंत पोहोचले. चुलतभावाबरोबर त्यांनी रंगद्रव्यांच्या रचनेचा जो उलगडा केला, त्यामुळे त्यांचे नाव जर्मनीत सर्वतोमुखी झाले होते.

फिशर यांच्या पुढच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्या वेळच्या ज्ञानाची स्थिती थोडी पाहायला हवी. स्वीडनमधील औषधविक्रेते आणि थोर रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७७६ मध्ये मूत्राशयातील खड्यांचे परीक्षण करताना एक अज्ञात आम्ल शोधून काढले होते. तेच युरिक आम्ल. निरोगी माणसाच्या मूत्रातही ते असते, हेही त्यांना आढळले होते. गाउट, म्हणजे सांध्यांना ठणका लावणारा वातरक्ताचा विकार, त्याच्याशी या आम्लाचे नाते आहे, हेही एकोणिसाव्या शतकात वैद्यांच्या ध्यानी आले.

दुसरीकडे, १८१९ मध्ये फ्रीडलीब रुंग या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाला महाकवी गटे यांनी कॉफीच्या बिया भेट दिल्या आणि त्यांचे पृथक्करण करून पाहण्यास सुचवले. रुंग यांनी त्या बियांतून पांढरे स्फटिक वेगळे काढले. ते कॅफिन. १८२७ मध्ये चहाच्या पानांतून असाच एक पदार्थ मिळाला आणि त्याला थेइन हे निराळे नाव देण्यात आले. चहा आणि कॉफी यांतली तरतरी वेगळी, असे मानणाऱ्यांना मोठा धक्का बसला तो १८३८ मध्ये, कारण दोन्ही पदार्थ एकच असल्याचे त्या वर्षी सिद्ध झाले. थोड्याच वर्षांनी कोकोच्या बियांतून थिओब्रोमिन मिळाले, तर १८८८ मध्ये आल्ब्रेख्त कोसेल यांनी चहाच्या पानांतून थिओफायलिन हा आणखी एक पदार्थ वेगळा केला.

अशी ही निरनिराळी द्रव्ये रसायनशास्त्रज्ञांच्या कपाटांतील बाटल्यांत साठत होती. एक मुतखड्यातून आलेले, एक कॉफीतून, एक कोकोतून, एक चहातून, तर ग्वानिन हे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून. त्यांच्यात काही नाते असावे, असा संशय अनेकांना होता. १८७५ मध्ये लुडविग मेडिकस यांनी युरिक आम्लाच्या व कॅफिनच्या रेणूंची संभाव्य रचनाही सुचवली होती. परंतु तो तर्क होता, त्याला प्रयोगाचा आधार नव्हता. रेणू डोळ्यांना दिसत नाही. त्याची रचना ठरवायची तर त्याचे तुकडे करायचे, तुकड्यांची ओळख पटवायची, त्यांवरून मूळ आकृतीचा अंदाज बांधायचा आणि अखेरीस साध्या द्रव्यांपासून तोच रेणू पुन्हा उभा करून दाखवायचा. यातली शेवटची पायरी सर्वांत कठीण.

हे काम फिशर यांनी म्युनिकमध्ये हाती घेतले आणि एर्लांगेन विद्यापीठात ते प्राध्यापक झाल्यावर, १८८२ पासून, त्याला वेग आला. कॅफिनचे आणि युरिक आम्लाचे तुकडे करताना त्यांना दोहोंत सारख्याच खाणाखुणा दिसू लागल्या. कार्बनचे पाच आणि नायट्रोजनचे चार अणू मिळून बनलेला, एकमेकांना चिकटलेल्या दोन कड्यांचा एक सांगाडा या सर्व द्रव्यांच्या मुळाशी असावा, अशी त्यांची खात्री पटत गेली. त्या काल्पनिक मूळपुरुषाला १८८४ मध्ये त्यांनी प्यूरिन हे नाव दिले. शुद्ध आणि युरिक अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांचा तो जोड होता. नाव ठेवले तेव्हा प्यूरिन हा पदार्थ कुणी पाहिलेला नव्हता. वंशावळ मांडताना मूळपुरुषाच्या जागी केवळ एक चौकट काढून ठेवावी, तसाच हा प्रकार होता.

याच सुमारास, १८८३ मध्ये, जर्मनीतील एका बलाढ्य रंगद्रव्य कारखान्याने आपल्या संशोधन विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ केले. पद मोठे होते. परंतु वडिलांमुळे फिशर यांना आता चरितार्थाची चिंता उरली नव्हती. त्यांनी विद्यापीठातच राहणे पसंत केले. ज्या वडिलांनी मुलाला व्यापारात नालायक ठरवले, त्यांच्याच व्यापारातल्या मिळकतीने मुलाला शास्त्राची अखंड उपासना करता आली, हा एक सुखद योगायोगच म्हणायचा.

१८८५ मध्ये ते व्युर्ट्झबुर्ग येथे गेले. येथील सात वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत आनंदाची ठरली. १८८८ मध्ये त्यांचा विवाह आग्नेस गेर्लाख हिच्याशी झाला. ती एर्लांगेन येथील शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकांची कन्या. या दांपत्याला तीन मुलगे झाले. संशोधनात याच काळात त्यांनी साखरेच्या रसायनशास्त्रात प्रवेश केला. पाकाच्या चिकट, स्फटिक न होणाऱ्या लगद्यातून निरनिराळ्या शर्करा ओळखायच्या कशा, हा त्या काळी मोठाच पेच होता. तरुणपणी सापडलेले फिनाइल हायड्राझिन येथे कामास आले. ते शर्करांशी संयोग पावून सुबक पिवळे स्फटिक देते आणि त्यावरून शर्करेची ओळख पटते. या किल्लीच्या साह्याने फिशर यांनी ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज या शर्करांचे परस्परनाते उलगडले, १८९० मध्ये त्या कृत्रिम रीतीने तयारही केल्या आणि त्यांच्या अणूंची अवकाशातील मांडणी ठरवली. तथापि या द्रव्याने आपली किंमत वसूल केली. ते विषारी आहे, याची जाणीव व्हायला उशीर झाला. वर्षानुवर्षांच्या सहवासाने फिशर यांच्या प्रकृतीला जी इजा पोहोचली, ती कधीही पूर्णपणे भरून आली नाही.

१८९२ मध्ये आउगुस्ट विल्हेल्म फॉन हॉफमन यांच्या निधनाने बर्लिन विद्यापीठातील रसायनशास्त्राचे आसन रिक्त झाले. जर्मन रसायनशास्त्रातील ते सर्वोच्च पद. फिशर यांना पाचारण झाले आणि काहीशा अनिच्छेनेच ते व्युर्ट्झबुर्गचा निरोप घेऊन राजधानीत आले. प्रशासनाची कामे, समित्या आणि नव्या प्रयोगशाळेसाठी सरकारशी चाललेला पाठपुरावा यांतून वेळ काढून त्यांनी प्यूरिनचा जुना प्रश्न पुन्हा हाती घेतला.

१८९५ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात यशाचे आणि दुःखाचेही ठरले. लोरेन्झ आख या सहकाऱ्यासमवेत त्यांनी त्या वर्षी साध्या रासायनिक द्रव्यांपासून कॅफिन तयार करून दाखवले. आरंभ होता युरियाच्या एका सोप्या नातलगापासून आणि मॅलोनिक आम्लापासून. त्यांपासून त्यांनी प्रथम मिथिल गट जोडलेले युरिक आम्ल बनवले, त्यापासून चहातले थिओफायलिन आणि थिओफायलिनपासून अखेरीस कॉफीतले कॅफिन. कॉफीचे झाड, चहाचा मळा यांच्यावाचून प्रथमच कॅफिन अस्तित्वात आले होते, आणि त्याची वाट मुतखड्यातील आम्लाच्या सख्ख्या भावंडावरून गेली होती. नाते सिद्ध झाले. त्याच वर्षी पत्नी आग्नेसचे निधन झाले. संसार अवघ्या सात वर्षांचा. तीन लहान मुलांना मागे ठेवून ती गेली. फिशर यांनी पुन्हा विवाह केला नाही.

पुढल्या दोन वर्षांत त्यांनी जे केले, ते त्यांच्या शास्त्रीय वृत्तीचे उत्तम निदर्शक आहे. कॅफिन आणि युरिक आम्ल यांच्या रचनेबाबत आरंभी त्यांनी मेडिकस यांच्याहून निराळे सूत्र मांडले होते आणि कित्येक वर्षे त्याचा पुरस्कार केला होता. स्वतःच्याच प्रयोगांचे दाखले जमत गेले, तेव्हा १८९७ मध्ये त्यांनी आपले सूत्र मागे घेतले आणि मेडिकस यांचा तर्क बरोबर असल्याचे मान्य केले. जगन्मान्य प्राध्यापकाने आपली चूक जाहीरपणे कबूल करावी, ही गोष्ट तेव्हाही सोपी नव्हती. १८९८ मध्ये प्यूरिन हा मूळ पदार्थही प्रयोगशाळेत तयार झाला. चौदा वर्षे केवळ कागदावर असलेला मूळपुरुष आता बाटलीत भरून दाखवता येऊ लागला.

या घराण्याचा कुलवृत्तान्त थोडक्यात असा. प्यूरिनच्या सांगाड्याला ऑक्सिजनचे दोन अणू जोडले की झँथिन होते आणि तीन जोडले की युरिक आम्ल. झँथिनला कार्बन व हायड्रोजन यांचे छोटे मिथिल गट जोडत गेले की आपली परिचित पेये अवतरतात. दोन गट एका रीतीने जोडले की कोकोतले थिओब्रोमिन, दुसऱ्या रीतीने जोडले की चहातले थिओफायलिन आणि तीन जोडले की कॅफिन. फरक मोजक्या अणूंचा. गुणधर्मांत मात्र जमीनअस्मानाचे अंतर. कॅफिन गरम पाण्यात सहज विरघळते, म्हणून तर कपात उतरते. युरिक आम्ल पाण्यात जेमतेम विरघळते, आणि मूत्र आम्लधर्मी असेल तर त्याहूनही कमी, म्हणून त्याचे खडे बनतात. आनुवंशिकतेचा वारसा वाहणाऱ्या केंद्रकाम्लांतील ॲडेनिन आणि ग्वानिन ही द्रव्येही याच कुळातली. आपल्या पेशींतील प्यूरिनांची झीज होऊन शेवटी युरिक आम्ल तयार होते आणि ते बाहेर टाकण्याचा मोठा भार मूत्रपिंडे उचलतात.

१९०२ मध्ये, पारितोषिके सुरू झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एमिल फिशर यांना देण्यात आले. शर्करा आणि प्यूरिन या दोन वर्गांतील संश्लेषणांबद्दल हा गौरव होता. या दोन विषयांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे त्या वेळी कुणाला वाटण्याचे कारण नव्हते. तो संबंध पुढे ध्यानात आला आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याकडे अखेरीस वळू.

एखादा शोध प्रयोगशाळेबाहेर पडला की त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार संशोधकाच्या हाती राहत नाही. लंडनमधील डॉक्टर अलेक्झांडर हेग यांनी १८९२ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. डोकेदुखीपासून संधिवातापर्यंत अनेक विकारांचे मूळ युरिक आम्लात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मांस, डाळी आणि त्यांच्याबरोबर चहा, कॉफी, कोको ही सारी वर्ज्य करणारा आहार ते सांगत. कॅफिन हे युरिक आम्लाचेच भावंड ठरल्यावर अशा मतांना जणू शास्त्राची मुद्रा मिळाली. चहा-कॉफी प्याल्याने शरीरात युरिक आम्ल साठते, ही समजूत युरोपात आणि अमेरिकेत पसरली. आपल्याकडेही तिचे पडसाद अजून ऐकू येतात. रचनेतील साम्य म्हणजे परिणामातील साम्य, असा हा निष्कर्ष होता. मोजक्या अणूंच्या फरकाने द्रव्याचा स्वभाव कसा पालटतो, हे ज्याच्या कामातून दिसले, त्याच्याच शोधातून असा अर्थ निघावा, हा मोठा दैवदुर्विलास.

फिशर स्वतः तोवर पुढच्या प्रश्नांकडे वळले होते. प्रथिने ही अमिनो आम्लांची साखळी असते, हे दाखवण्याच्या कामात त्यांनी स्वतःला जुंपून घेतले आणि १९०७ मध्ये अठरा अमिनो आम्लांची साखळी कृत्रिम रीतीने जोडून दाखवली. विकर आणि ज्या द्रव्यावर ते काम करते ते द्रव्य, यांचे नाते कुलूप व किल्लीसारखे असते, ही त्यांनी १८९४ मध्ये मांडलेली कल्पना आजही शाळेच्या पुस्तकांत भेटते. १९०३ मध्ये योझेफ फॉन मेरिंग यांच्यासमवेत त्यांनी व्हेरोनाल हे झोपेचे औषध पुढे आणले. झोप उडवणाऱ्या कॅफिनची रचना उलगडणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावावर झोप आणणारे औषधही जमा झाले. त्यांच्या प्रयोगशाळेत देशोदेशीचे तरुण येत. ओटो डील्स, ओटो वारबुर्ग यांच्यासारखे पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९११ मध्ये स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म सोसायटीच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि या भरल्या जीवनावर काळी छाया पडली. त्या वर्षी जर्मनीच्या समर्थनार्थ ९३ विद्वानांनी काढलेल्या पत्रकावर फिशर यांचीही सही होती. युद्धामुळे निर्माण झालेला कच्च्या मालाचा तुटवडा भरून काढण्यासाठी त्यांनी आपले ज्ञान आणि वेळ सरकारला दिला. पण युद्धाने त्यांच्याकडून याहून फार मोठे मोल घेतले. तीन मुलांपैकी दोन धाकटे मुलगे त्या वर्षांत त्यांनी गमावले. थोरला हेर्मान तेवढा उरला, आणि त्यानेच पुढे रसायनशास्त्रात वडिलांचा वारसा चालवला. पराभूत राष्ट्र, मोडलेले घर आणि विषारी द्रव्यांनी पोखरलेले शरीर, अशा अवस्थेत फिशर यांना कर्करोगाने ग्रासले. १५ जुलै १९१९ रोजी बर्लिन येथे, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांच्या जीवनाचा अंत झाला.

त्यांनी मांडलेल्या वंशावळीचा खरा अर्थ पुढच्या शतकाने उलगडला. कॅफिन पोटात गेल्यावर त्याचे काय होते, हे शोधले गेले, तेव्हा असे दिसले की यकृत त्याचे मिथिल गट एकेक करून काढू लागते. परंतु सगळे गट निघून शुद्ध युरिक आम्ल तयार होण्यापर्यंत हा प्रवास जात नाही. मिथिल गट जोडलेली युरिक आम्लाची भावंडे तयार होतात आणि ती मूत्रावाटे बाहेर पडतात. बर्लिनच्या प्रयोगशाळेत फिशर ज्या वाटेने कॅफिनपर्यंत चढून गेले, साधारण त्याच वाटेने शरीर काही पायऱ्या खाली उतरते, असे म्हणता येईल. म्हणजे चहा-कॉफीतून युरिक आम्ल साठते, या समजुतीचा पायाच निखळला. उलट, नियमित कॉफी पिणाऱ्यांत गाउटचे प्रमाण कमी असल्याचे मोठ्या पाहण्यांत आढळले आहे.

मग चहा-कॉफीने लघवीला होते, त्याचे काय? १८८० च्या दशकातच फॉन श्रोडर या जर्मन औषधशास्त्रज्ञाने कॅफिनच्या मूत्रल गुणाचा अभ्यास केला होता. त्याचे मर्म मात्र बऱ्याच काळाने कळले, आणि तेही प्यूरिनच्याच घरात. आपल्या शरीरात ॲडेनोसिन नावाचे एक द्रव्य असते. त्याचा गाभा प्यूरिनचाच. मेंदूत ते थकव्याची आणि झोपेची सूचना देते. मूत्रपिंडात ते सोडिअम आणि पाणी राखून ठेवण्यास साहाय्य करते. कॅफिनची ठेवण त्याच्यासारखी असल्याने ॲडेनोसिनच्या जागेवर कॅफिन जाऊन बसते आणि त्याची सूचना पोहोचू देत नाही. मेंदूत त्याचा परिणाम तरतरी, मूत्रपिंडात त्याचा परिणाम थोडे अधिक मूत्र. फिशर यांची कुलूप-किल्लीची उपमा येथे चपखल बसते. ही किल्ली कुलपात शिरते, पण कुलूप उघडत नाही. रोज चहा-कॉफी पिणाऱ्यांत हा मूत्रल परिणाम सौम्य होतो आणि पेयातून मिळणारे पाणी त्याची भरपाई करते.

अमेरिकेत सुमारे १ लाख ९४ हजार लोकांचा आठ वर्षांहून अधिक काळ मागोवा घेणाऱ्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज किमान एकदा कॉफी घेणाऱ्यांत मुतखड्याचा धोका, आठवड्यात एकदाही न घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे २६ टक्क्यांनी कमी आढळला, तर चहा घेणाऱ्यांत ११ टक्क्यांनी. साखर घातलेला कोला रोज पिणाऱ्यांत मात्र तो २३ टक्क्यांनी अधिक होता. अशा पाहण्यांतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, हे खरे. पण दिशा स्पष्ट दिसते.

आणि येथेच फिशर यांच्या नोबेल पारितोषिकातील दोन विषय एकमेकांना भेटतात. साखरेतील फ्रुक्टोज यकृतात पोहोचले की त्याच्यावरील प्रक्रियेत पेशींतील ऊर्जावाहक द्रव्य झपाट्याने खर्च होते. ते द्रव्यही प्यूरिनच्या कुळातलेच. त्याचे विघटन होता होता युरिक आम्ल तयार होते. कॅफिनवर ज्याचा आरोप शतकभर ठेवला गेला, ते कृत्य पुष्कळ अंशी त्याच पेल्यातल्या साखरेचे होते. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गर्भवतीने २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घेणे सुरक्षित असल्याचे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये म्हटले आहे. साधारण कपभर कॉफीत ८० ते १०० मिलिग्रॅम आणि चहात त्याच्या निम्म्याच्या आसपास कॅफिन असते. तेव्हा दिवसाच्या दोन-तीन कपांनी निरोगी मूत्रपिंडांचे वाईट होत नाही. त्या कपांतले साखरेचे चमचे आणि गोड शीतपेयांच्या बाटल्या यांचा हिशेब मात्र ठेवायला हवा. उत्तेजक पेयांच्या डब्यांत कॅफिन आणि साखर दोन्ही भरपूर असू शकतात, म्हणून ती लहान मुलांच्या आणि गर्भवतींच्या हाती न पडलेली बरी.

याला अपवाद आहेत. ज्यांची मूत्रपिंडे आधीच क्षीण झाली आहेत, त्यांना पाणी किती प्यावे यावर मर्यादा असते आणि कॉफीतल्या पोटॅशिअमचाही विचार करावा लागतो. ज्यांना कॅल्शिअम ऑक्झलेटचे खडे वारंवार होतात, त्यांना कोऱ्या चहातील ऑक्झलेट सोसेलच असे नाही. दुधातले कॅल्शिअम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते, ही त्यांच्यासाठी जमेची बाजू. अशा रुग्णांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला बाजूला ठेवून आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

एमिल फिशर यांना जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली. कॅफिन आणि युरिक आम्ल यांचे कूळ एक आहे, हे त्यांनी सांगितले. कूळ एक असले तरी करणी एक नसते, हेही त्यांच्याच सूत्रांत लिहिलेले होते. ते वाचायला जगाला बराच काळ लागला. उद्या सकाळी चहाचा कप हाती घेताना त्यातल्या पानांकडे संशयाने पाहण्याआधी साखरेच्या डब्याकडे एकदा पाहावे, एवढे जरी या जीवनकथेतून घेता आले, तरी पुष्कळ झाले.